तो दिवा उजेडासाठी नसतो

दिवाळी आली की घरात तीन तऱ्हेची तेले येतात. एक अंगाला चोळायचे, दुसरे चकल्या तळायचे आणि तिसरे पणतीत घालायचे. गेल्या दिवाळीत आमच्या घरी चौथे आले. नरकचतुर्दशीच्या पहाटे डोळे चोळीत मी न्हाणीघराकडे निघालो, तो सुवासिक तेलाच्या वाटीशेजारी चार लिटरचा एक भलाथोरला डबा दिसला. डब्यावर ज्वाळांतून धावत सुटलेल्या मोटारीचे चित्र होते.

"हे कुणाला चोळायचे?" सौ.ने विचारले.

"गाडीला," चिरंजीव पांघरुणातूनच म्हणाले.

आमचे चिरंजीव ऐरोलीला एका कचेरीत नोकरी करतात. तीन-चार वर्षांमागे त्यांनी कर्ज काढून एक छोटी पेट्रोल मोटार घेतली. इंजिन एक लिटरचे, पण त्याला टर्बो जोडलेला. म्हणजे मूर्ती लहान आणि कीर्ती महान. कामोठ्यातून खांदेश्वर स्टेशन गाठायला आणि सौ.ला पनवेलच्या बाजारात न्यायला ती गाडी पुरेशी होती. पण गेल्या वर्षी मार्चमध्ये चिरंजीव ती घेऊन थेट चेन्नईला गेले. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे १९९० साली सुरू झालेला शर्यतीचा मार्ग आहे. एक फेरी सुमारे पावणेचार किलोमीटरची. इथून तिथवरचे अंतर बाराशे-साडेबाराशे किलोमीटर. म्हणजे पावणेचार किलोमीटर गोल फिरण्यासाठी माणसाने पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी आणि बेंगळुरू ओलांडून जायचे! काशीला गेलेले लोक निदान गंगा तरी घेऊन येतात.

"ही शर्यत नाही, बाबा," त्यांनी मला समजावले. "पैसे भरायचे, शिरस्त्राण घालायचे आणि आपलीच गाडी चालवायची. बक्षीस नाही, नंबर नाही. भर रस्त्यावर वेडेपणा करण्यापेक्षा हे बरे नाही का?"

हे शेवटचे वाक्य खरे होते, म्हणूनच मला राग आला.

त्या मार्चच्या दुपारी एक गोष्ट घडली. आमच्या मिस्त्रीने जाण्यापूर्वी गाडीला तेलाची उष्णता दाखवणारी एक तबकडी बसवून दिली होती. बहुतेक साध्या गाड्यांना ती नसते. असतो तो पाण्याचा काटा. सहाव्या फेरीत पाण्याचा काटा मध्यावर शांत उभा होता आणि तेलाची तबकडी १३८ अंश दाखवीत होती. चिरंजीव मुकाट्याने बाहेर आले आणि उरलेला दिवस त्यांनी सावलीत बसून काढला. परतल्यावर त्यांनी मित्रांत चौकशी आरंभली आणि तिचे फळ म्हणजे दिवाळीचा तो ज्वाळांचा डबा. त्यावर लिहिले होते, १०डब्ल्यू-६०.

आता तुम्ही म्हणाल, निवृत्त कारकुनाने यात लक्ष घालायचे कारण काय? कारण आहे, ते पुढे सांगेन. तूर्त एवढेच सांगतो की त्या दिवशी फराळ झाल्यावर मी चष्मा लावून तो डबा वाचावयास बसलो.

कामोठ्याला लागूनच कळंबोली. लोखंडाच्या बाजाराची जागा. मालमोटारींची रांग तिथे कधी सरत नाही, आणि त्यामुळे तेलाची दुकाने व गॅरेजेही पुष्कळ. सल्ल्याला तोटा नव्हता. एक दुकानदार म्हणाला, "पोरगा जोरात पळवतो ना, काका? मग घट्टातले घट्ट घ्या." शेजारचे गृहस्थ म्हणाले, "महागातले महाग घ्या, म्हणजे प्रश्न मिटला." आमचा मिस्त्री तेवढा निराळे बोलला. हात पुसत म्हणाला, "साहेब, गाडीबरोबर पुस्तक येते ते वाचलेत का? फुकट येते म्हणून कोणी वाचत नाही."

मी ते वाचले. त्यात ५डब्ल्यू-३० हे तेल सांगितले होते आणि उष्ण प्रदेशासाठी ५डब्ल्यू-४० चालेल अशीही मुभा होती. १०डब्ल्यू-६० चे नावही नव्हते.

मग त्या आकड्यांच्या मागे लागलो. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा तेल कडाक्याच्या थंडीत किती वाहते ते सांगतो. खोबरेल पौषात गोठते ना, तसाच हा प्रकार. मात्र ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंशांवर घेतात आणि १०डब्ल्यूची उणे २५ वर. कामोठ्यात पारा पंधरावर उतरला तरी लोक कानटोप्या शोधू लागतात, तेव्हा या आकड्यावरून आपण फारसे झुरायचे कारण नाही. आपला आकडा दुसरा. तेल १०० अंशांवर किती दाट राहते ते तो सांगतो. तीस नंबरचे तेल त्या उष्णतेला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक भरते, चाळीस नंबरचे १२.५ ते १६.३, आणि साठ नंबरचे जवळजवळ २२ ते २६. आता गंमत पाहा. तेल तापले की पातळ होते. चाळीस नंबरचे तेल ११० अंशांच्या आसपास जितके पातळ असते, साधारण तितकेच तीस नंबरचे १०० अंशांवर असते. म्हणजे एक नंबर वर चढून आपण फार तर दहा-बारा अंशांची सवड विकत घेतो. चिरंजिवांची गाडी तर अडतीस अंश पुढे गेली होती!

"मग साठ नंबर बरोबर झाले की," चिरंजीव म्हणाले.

हिशेबाने तसेच वाटते. पण इंजिनात तेल असते कशासाठी? आपला पाय ओल्या फरशीवरून घसरतो तेव्हा तो फरशीला टेकलेला नसतो, मधल्या पाण्यावर असतो. आपण ज्याला घसरणे म्हणतो, त्यालाच इंजिन चालणे म्हणते. मिनिटाला पाच-सहा हजार वेळा गरगरणारा दांडा आणि त्याला धरून ठेवणारी बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो पडदा असतो, तो केसाच्या जाडीच्या कितीतरी पट पातळ. एवढ्याशा फटीत तेल वेळेवर पोचले पाहिजे. साठ नंबरचे दाट तेल ज्या इंजिनासाठी केलेले असते, तिथे ते उत्तम. आमच्या इंजिनाच्या फटी तीस-चाळीससाठी कोरलेल्या. शिवाय दाट तेल ढवळण्यातच इंजिनाची शक्ती जाते आणि त्या ढवळण्याने तेल आणखी तापते. पिठले फार घट्ट झाले की ढवळणाराच घामाघूम होतो, तसे.

दुसरी एक मेख आहे. थंडीत पातळ आणि उष्णतेत दाट राहावे म्हणून तेलात लांबलचक रेणूंची एक पूड विरघळवतात. शर्यतीच्या मार्गावर दातेरी चाके आणि बेअरिंगे त्या रेणूंना कुटून काढतात, आणि डब्यावर चाळीस लिहिलेले तेल दिवस मावळेपर्यंत तिसाकडे उतरू लागते. म्हणून खरी परीक्षा १५० अंशांवर, जोराच्या रगडणुकीत घेतात. तिचा आकडा डब्यावर नसतो. कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. ५डब्ल्यू-३० मधली काही तेले तिथे २.९ सेंटिपॉइजवर असतात. ५डब्ल्यू-४० ला निदान ३.५ लागतात. तापट जागी उपयोगाचा आकडा तो. माणसाचेही असेच असावे. नाव काय, यापेक्षा रगडल्यावर किती उरतो ते पाहावे.

डब्यावरच्या 'सिंथेटिक' या शब्दाला भुलण्यातही अर्थ नाही. खनिज तेलावरच पुष्कळ संस्कार करून केलेल्या तेलालाही सिंथेटिक म्हणावे की नाही, यावर अमेरिकेत दोन बड्या कंपन्यांचा तंटा झाला आणि १९९९ साली निर्णय 'म्हणावे' असा लागला. अशी तेले वाईट नसतात, चांगलीच असतात. पण एका शब्दाखाली अनेक कुळे नांदतात, एवढे ग्राहकाने जाणावे.

हे सारे शोधताना मला एक जुना ओळखीचा भेटला, तो म्हणजे एरंडेल. लहानपणी रविवारी सकाळी आजी वाटी घेऊन मागे धावायची ते. मोटारींच्या आणि विमानांच्या पहिल्या पिढीत शर्यतीचे तेल म्हणून याचाच मान होता. चार्ल्स वेकफील्ड याने १८९९ साली स्थापन केलेल्या कंपनीने १९०९ च्या सुमारास आपल्या तेलाला कॅस्ट्रॉल नाव दिले, ते त्यात एरंडेल म्हणजे कॅस्टर असे म्हणून. आज त्याच नावाचा एक कारखाना आमच्यापासून फार दूर नसलेल्या पाताळगंगेला आहे. एरंडेल तापलेल्या धातूला चिकटून राहते आणि पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही, म्हणून पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांत तेच वापरीत. इंजिन ते वाऱ्यावर उडवी, वैमानिक ते श्वासाबरोबर घेत आणि त्यांच्या पोटावर त्याचा व्हायचा तो परिणाम होई, असे सांगतात. आजीला हे ठाऊक असते तर तिने आम्हाला विमानातच बसवले असते. पण एरंडेल तापून तापून चिकट होते, त्याचा डिंक बनतो. म्हणून रोजच्या गाडीतून ते गेले. असो. एरंडाचे गुऱ्हाळ फार लांबवीत नाही.

आता ते कारण.

माझे वडील एस.टी.च्या पनवेल आगारात फिटर होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. १९९३ साली मी एक जुनी फियाट घेतली. ती तेल पीत असे. दर पंधरा दिवसांनी अर्धा-पाऊण लिटर घालावे लागे. आबांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, "पेट्रोल संपले तर गाडी थांबते. तेल संपले तर गाडी संपते." मी मान हलवली. पण बंद डब्याचे तेल महाग, म्हणून मी पिंपातले सुटे तेल आणू लागलो. आणि तेही जेव्हा आठवेल तेव्हा.

१९९४ च्या मे महिन्यात आम्ही पुण्याला निघालो. द्रुतगती मार्ग तेव्हा झालेला नव्हता. तो पुरा खुला झाला २००२ साली. खोपोली सोडून जुन्या रस्त्याने बोरघाट चढू लागलो. भर दुपार, गाडीत चार माणसे, टपावर ट्रंक. शिंग्रोबाच्या देवळाशी मी रिवाजाप्रमाणे खिडकीतून नाणे टाकले. पुढच्या वळणावर समोरचा तांबडा दिवा लुकलुकला आणि विझला. दुसऱ्या वळणावर पुन्हा लुकलुकला.

"थांब जरा," आबा म्हणाले.

"वायर सैल असेल. वर खंडाळ्याला बघू."

"तो दिवा उजेडासाठी नसतो रे," आबा म्हणाले.

मी थांबलो नाही. चढावर थांबले तर मागचे ट्रकवाले शिव्या देतील, ही माझी भीती; आणि गाडी माझी आहे, हा माझा तोरा. अमृतांजन पुलाच्या अलीकडे इंजिनातून कोणी आतून दार ठोठावीत असल्यासारखा आवाज आला आणि गाडी जी थांबली ती थांबलीच.

आबा खाली उतरले. टोपण उघडून त्यांनी तेलाची कांडी काढली, रुमालाला पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा काढली आणि माझ्यासमोर धरली. दोन्ही वेळा कोरडी. ते एक शब्द बोलले नाहीत. तासाभराने एका टेम्पोने आम्हाला ओढीत नेले, तेव्हा ते टेम्पोत पुढे बसले आणि मी फियाटचे मुके चक्र धरून मागे. शिंग्रोबाला नाणे टाकले होते. इंजिनात तेल टाकले नव्हते. दांडा गेला, बेअरिंगे गेली, आणि धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी जमवलेल्या पैशातले निम्मे त्या दुरुस्तीत गेले. तेलही गेले, तूपही गेले! लग्न सहा महिने पुढे ढकलावे लागले. आबांनी त्याचे कारण पाहुण्यांना कधी सांगितले नाही. मलाही कधी ऐकवले नाही. त्यांनी ऐकवले असते तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते. ते जाऊन आता सतरा वर्षे झाली.

म्हणून मी डबा वाचावयास बसलो होतो. चिरंजिवांना मी 'जाऊ नकोस' म्हणू शकलो असतो. मीही माझ्या वडिलांचे ऐकले नव्हते. तेव्हा त्या म्हणण्याचे वजन मला माहीत होते.

हिवाळाभर आमची वाटाघाट चालली. वर्षानुवर्षांत बापलेकांत इतके बोलणे झाले नव्हते. माझे म्हणणे होते की नुसते तेल बदलून १३८ चे १२० होणार नाहीत. तेल उष्णता सोसते, ती कमी करत नाही. कमी करायची तर तेल गार करणारी छोटी जाळी गाडीच्या तोंडाशी बसवली पाहिजे, आणि तीही झडप असलेली, म्हणजे एरवीच्या प्रवासात तेल फाजील गार राहणार नाही. तेल तापलेले राहिले तर ते लवकर बिघडतेही. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांना बिघडण्याचा वेग दुप्पट होतो. गाडीच्या हमीची मुदत सरली होती, त्यामुळे जाळीची अडचण नव्हती. अडचण पैशाची होती. चिरंजिवांनी बोनस नव्या रुंद चाकांसाठी राखून ठेवला होता.

"वेगासाठी माझ्याकडून छदाम मिळणार नाही," मी म्हणालो. "गारव्यासाठी मिळेल."

चिरंजीव माझ्याकडे पाहतच राहिले. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "मिळतेय तोवर घे."

शेवटी ठरले ते असे. ज्वाळांचा डबा न उघडता परत गेला. पुस्तकाने मुभा दिलेले ५डब्ल्यू-४० घ्यायचे. त्यातही इंजिन करणाऱ्या कंपनीची जी मान्यता पुस्तकात छापली आहे तीच डब्यावर असलेले आणि १५० अंशांचा आकडा चांगला असलेले. विकत घ्यायचे ते अधिकृत विक्रेत्याकडून. तेलाची पातळी कांडीवरच्या वरच्या खुणेला. कारण वेगाच्या वळणावर तेल एका बाजूला लोटले जाते आणि खाली असेल तर पंपाच्या तोंडात वारा जातो. घाटातला तो दिवा वळणावरच का लुकलुकत होता, हे मला तीस वर्षांनी कळले. खुणेच्या वर मात्र थेंबही नाही. तेल दांड्याच्या माराने फेसाळते. तबकडी १३० ला पोचली की फेरी सोडायची, एक फेरी सावकाश मारायची आणि आल्याबरोबर इंजिन बंद करायचे नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याला गार करणारेही हेच तेल. घरी आल्यावर तेल बदलायचे, मग ते कितीही पिवळे दिसो.

यंदा मे महिन्यात चिरंजीव पुन्हा गेले. त्या रविवारी मी वर्तमानपत्र तीनदा वाचले आणि त्यात काय होते ते मला आठवत नाही. साडेबाराला फोन आला.

"बाबा, बाहेर चाळीस अंश आहे."

"बाहेरचे राहू दे. आतले सांग."

"एकशे एकोणीस. आठ फेऱ्या झाल्या."

"दिवा?"

"कुठला दिवा?"

मी म्हणालो, "काही नाही. पाणी पी."

बुधवारी रात्री गाडी इमारतीखाली आली. गुरुवारी मिस्त्रीने तेल काढले. ते काळे पडले होते आणि बोटांत चोळले तर ताज्या तेलापेक्षा पातळ लागत होते. जुने तेल त्याने पिंपात ओतून ठेवले. ते गोळा करून नेणारे असतात. गटारात ओतले तर ते पनवेलच्या खाडीला जाते. नव्या तेलाचा रिकामा डबा मात्र त्याने माझ्यादेखत पेचकसाने भोसकला. "नाहीतर यातच कोणी दुसरे भरून विकतो," तो म्हणाला. सुटे तेल आठवून मी गप्प राहिलो.

पण हे गुरुवारचे. बुधवारी रात्री, सामान उतरवण्याआधी, चिरंजिवांनी टोपण उघडले. गाडी सपाट जागी दहा मिनिटे उभी होती. मी घाटातली गोष्ट त्यांना कधी सांगितली नव्हती. त्या रात्रीही सांगितली नाही, आता हा अंक हाती पडेल तेव्हा ते वाचतील. त्यांनी कांडी काढून माझ्यासमोर धरली आणि विजेरीचा उजेड पाडला. "बघा, बाबा."

मी ती हातात घेतली, रुमालाला पुसली, पुन्हा आत घातली आणि पुन्हा काढली. पहिल्या वेळची खूण खरी नसते. नळीला लागलेले तेल कांडीला चिकटून येते. आबा असेच करीत.

दुसऱ्या वेळीही तेल होते. वरच्या खुणेच्या किंचित खाली.